ज्यांची कबर वसईत नाही

आपल्या वाशिमकडून कुणी मुंबईला गेले की वसईचा किल्ला पाहून येते, आणि परतल्यावर आम्हाला विचारते की संत गोन्सालो गार्सिया यांची कबर कुठे दिसली नाही, ती आहे कुठे?

किल्ल्यात मोडकी चर्चेस बरीच आहेत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये तर कबरींच्या फरशांवरूनच चालावे लागते. त्यांवर घरंदाज पोर्तुगीजांची नावे कोरलेली आहेत. गोन्सालोंचे नाव तिथे नाही.

त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीय फादरांकडे ते शिकले आणि पंधराएक वर्षांचे असताना त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली, धर्मशिक्षक म्हणून अनेक वर्षे राबले. येशूसंघात घ्यावे अशी विनंती केली, पण ती मान्य झाली नाही.

मग त्यांनी व्यापार केला, आणि तो चांगला चालला. चरित्रे इथून घाईने पुढे सरकतात, आम्हाला मात्र इथेच थांबावेसे वाटते. इच्छा आणि पाचारण यांतला फरक आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वहीत उतरवून घेतला होता. गोन्सालोंना तो मालाची मोजदाद करता करता शोधावा लागला. पैसा हाती असताना ते सारे सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन झाले, तेही साधे ब्रदर.

१५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे उभे राहिले. पुढे त्याचीच मर्जी फिरली. क्योतो शहरात बंदिवानांचे डावे कान कापले गेले. भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथल्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकले. त्यांत लुईस इबाराकी हा बारा वर्षांचा मुलगाही होता.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली, पोर्तुगीज गेले आणि किल्ल्यातली चर्चेस ओस पडली. गोन्सालोंना पोप नववे पायस यांनी संतपद दिले ते त्यानंतर १२३ वर्षांनी, ८ जून १८६२ रोजी.

तेव्हा पुढच्या खेपेला वसईला जाल तर फरशांवर नाव शोधू नका. येशूसंघीयांचे जुने चर्च विचारा. लोक त्याला गोन्सालो गार्सियांचेच चर्च म्हणतात.