शारदा सदनातील पंडिता

शारदीय नवरात्राच्या अखेरच्या दिवसांत आपल्या घरोघरी सरस्वतीचे आवाहन होते, ग्रंथ चौरंगावर मांडले जातात आणि दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी रेखाटलेल्या सरस्वतीपुढे मुले हात जोडतात. ज्यांच्या हाती ती पाटी द्यावी असे कोणालाही वाटत नव्हते, अशा बालविधवांसाठी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीनजीक एक शाळा उघडली. तिचे नाव शारदा सदन. विद्यादेवतेचे नाव धारण करणाऱ्या ह्या शाळेच्या संस्थापिका पंडिता रमाबाई त्या वेळी ख्रिस्ती होऊन साडेपाच वर्षे लोटली होती, आणि त्यांच्या नावापुढील सरस्वती ही पदवी मात्र कलकत्त्याच्या शास्त्रीपंडितांनी दिलेली होती.

रमाबाईंच्या धर्मांतराचा सल आपल्या समाजाच्या मनातून पुरता गेलेला नाही. तो सल क्षणभर बाजूस ठेवून त्यांचे चरित्र वाचले, तर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. जे कठोर प्रश्न त्यांनी आपल्या शास्त्रींना विचारले, तेच त्याच निर्भयपणे त्यांनी बिशपांनाही विचारले. धर्म बदलला, पण जिज्ञासा त्यांनी कोणाच्याही स्वाधीन केली नाही.

ही जिज्ञासा त्यांना वारशाने मिळाली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या घरातील स्त्री संस्कृत पठण करीत असल्याचे त्यांच्या कानी पडले, आणि आपल्या पत्नीसही देववाणी शिकवावी असा ध्यास त्यांनी घेतला. घरच्यांचा विरोध झाला. उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे त्यांना आपल्या कृत्याचे समर्थन करावे लागले. शेवटी सह्याद्रीच्या अरण्यात, गंगामूळ येथे आश्रम बांधून त्यांनी द्वितीय पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. अतिथी आणि विद्यार्थी ह्यांच्या पोषणात शास्त्रीबुवांचे धन संपले, कर्ज झाले, आणि सहा महिन्यांच्या रमेला वेताच्या टोपलीत घालून कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. मग घर असे कधी झालेच नाही. क्षेत्रोक्षेत्री, देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे आणि मिळेल त्यावर निर्वाह करावा. दिवसा कामातून सवड नसे म्हणून माउली पहाटेच्या अंधारात लेकीला उठवून, मांडीशी घेऊन पाठ देई. अशा रीतीने श्रीमद्भागवताचे हजारो श्लोक बालवयातच रमाबाईंच्या मुखी बसले.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. शास्त्रीबुवांनी व्रते केली, दाने दिली, अनुष्ठाने केली. याचना मात्र केली नाही. १८७४ मध्ये ते गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी भारत फिरत राहिली. पंजाबातील कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा झेलमच्या काठी वाळूत खड्डे खणून त्यांनी गळ्यापर्यंत अंग झाकून घेतले आणि रात्र काढली. इतके शुद्ध आचरण असूनही आईवडील अन्नावाचून का गेले, हा प्रश्न ह्या वाटचालीत रमाबाईंच्या मनात रुजला. तो नास्तिकाचा प्रश्न नव्हता. श्रद्धावान कुळातील लेकीने देवाशी मांडलेले ते भांडण होते, आणि अशी भांडणे आपल्या संतांच्या घरीही झालेली आहेत.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची ही युवती संस्कृतात सहज संभाषण करते हे पाहून तेथील पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या देऊन गौरविले. ह्याच मुक्कामात एका ख्रिस्ती मंडळीच्या घरी त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती प्रार्थना पाहिली. मंडळी खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून बसली होती. समोर मूर्ती नाही, तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात असा ह्या दोघांचा समज झाला. परक्याची उपासना बाहेरून पाहणाऱ्याची अशी गंमत नेहमीच होते. आपल्या देवळांविषयी साहेब लोकांनी लिहिलेली वर्णने आठवावीत. त्या दिवशी त्यांना संस्कृतातील बायबल भेट मिळाले, पण ते त्यांना उमगले नाही.

अंतःपुरातील स्त्रियांना स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यावीत, असे पंडितांनी सुचविले. त्यासाठी रमाबाईंनी धर्मशास्त्रे वाचावयास घेतली. बहुतेक बाबतींत ग्रंथकारांचे एकमेकांशी पटत नाही, पण स्त्रिया आणि शूद्र ह्यांना कमी लेखण्यात मात्र सर्वांचे एकमत आहे, असे त्यांना दिसले आणि त्या हादरल्या. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन ह्यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत ठेवली व ती वाचण्याचा आग्रह केला. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये कन्या मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. पतीच्या पुस्तकसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली होती. ती त्यांना आवडली, पण त्यांच्या पतीला ते रुचले नव्हते.

१८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन झाला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले, हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. वैद्यक शिकावे म्हणून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पण कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. लंडनमधील फुलहॅम येथे, वाट चुकलेल्या स्त्रियांना मायेने जवळ करणारी त्या भगिनींची संस्था त्यांनी पाहिली. पतितेला हाकलून न देता उभे करणारा धर्म कोणता, ह्या विचाराने त्यांचे अंतःकरण हलले. काशीत वाढलेले आणि १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोरे ह्यांच्या लेखनाने त्यांच्या काही शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. जोतीराव फुल्यांसारखे मोजकेच त्यांच्या बाजूने उभे राहिले.

आता ही विदुषी शांतपणे चर्चच्या ओळीत बसेल, अशी वाँटेजच्या भगिनींची अपेक्षा असावी. घडले उलटेच. ईश्वर एक असेल तर त्याचे त्रैक्य कसे समजावयाचे? अथनेशियसच्या नावाने चालत आलेला तो बिकट पंथसिद्धान्त जो मानणार नाही त्याचा नाश होईल, असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? ख्रिस्ताच्या शिकवणीत जे स्पष्ट नाही, ते केवळ चर्चने ठरविले म्हणून मानावे काय? ज्या भगिनी जेराल्डीन ह्यांना त्या मायलेकी आजीबाई म्हणत, त्यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार अशा प्रश्नांनी भरलेला आहे. जेराल्डीन ह्यांना त्यात अहंकार दिसे. रमाबाईंचे म्हणणे असे की, एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच मानेवरून उतरविले असताना दुसऱ्याचे का घ्यावे? आज्ञापालन ईश्वराचे करावयाचे. माणसांचे करावयाचे ते सदसद्विवेकबुद्धीला पटले तरच.

लहानसहान गोष्टींतही हा बाणेदारपणा दिसतो. त्यांनी शाकाहार सोडला नाही. अंडी घातलेले पक्वान्नही त्या खात नसत. क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली असत, ती त्यांना नको होती. आपल्या देशबांधवांना न समजणारी भाषा अंगावर का मिरवावी, त्यापेक्षा संस्कृत काय वाईट, अशी त्यांची विचारणा होती. देवाला लॅटिन अधिक आवडते असे कोणी सिद्ध केले नव्हते, हे खरेच.

१८८४ पासून चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी विरोध केला. हिंदुस्थानात त्याचा बोभाटा होईल असे कारण दिले. स्वदेशात भर सभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना हे अपमानास्पद वाटले व त्यांनी तसे कळविले. तेथील प्राचार्या डोरोथिया बील ह्यांनी मात्र त्यांच्या शंका धीराने ऐकून घेतल्या. शंका घेणारा मनुष्य ईश्वरापासून दूरच असतो असे नाही, हे त्या बाईंना उमजले होते. गुरू असा भेटणे हे शिष्याचे भाग्य.

इंग्लंडमध्ये आणखी एक गोष्ट त्यांना बोचली. एकाच ख्रिस्ताचे नाव घेणारे लोक किती पंथांत विभागलेले! अँग्लिकन, त्यातही उच्च आणि नीच चर्च. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, क्वेकर, युनिटेरियन, रोमन कॅथलिक. प्रत्येक जण आपलाच मार्ग खरा म्हणणार. शैव आणि वैष्णव, द्वैती आणि अद्वैती ह्यांचे वाद पाहत वाढलेल्या ह्या शास्त्रीकन्येला ते दृश्य ओळखीचेच वाटले असेल. त्यांनी कोणत्याही एका पंथाला स्वतःस बांधून घेतले नाही.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक गाजले, आणि १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या पंथाचे. त्यांच्यासोबत इतर पंथांचे धर्मोपदेशकही बसले. एरवी एकमेकांच्या वेदीपाशी न जाणारी ही माणसे हिंदुस्थानातील विधवांसाठी एकत्र आली, ही लहान गोष्ट नव्हे.

शारदा सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असा नियम होता. मुलींनी आपापला आचार पाळावा. ग्रंथालयात बायबल असे, तशीच आपली शास्त्रपुराणेही असत. गोदूबाई ह्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. पुढे १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह झाला. सदन १८९० मध्ये पुण्यास आले. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. रमाबाईंना हितचिंतक मानणाऱ्या रानडे व भांडारकर ह्यांनीही १८९३ मध्ये सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आईने मुलांदेखत प्रार्थना करू नये काय, हा रमाबाईंचा प्रश्न निरुत्तर करणारा आहे. पण विश्वासाने लेकी पाठविणाऱ्या पालकांची वेदनाही खोटी नव्हती. १८९५ मध्ये काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, हे लपविण्यात अर्थ नाही. ह्या वादात दोन्ही बाजूंनी काहीतरी गमावले, आणि सर्वांत अधिक गमावले ते परत नेलेल्या मुलींनी.

बुद्धीने स्वीकारलेला ख्रिस्त हृदयात उतरला तो १८९१ च्या सुमारास, असे रमाबाईंनी पुढे आपल्या निवेदनात नोंदविले आहे. आठ वर्षे त्या धर्मात राहूनही आपणास धर्मच मिळाला होता, देव नव्हे, अशा अर्थाचा तो कबुलीजबाब आहे. ह्यापुढे त्यांचे वाद मंदावले आणि कामाचा पसारा वाढला.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या. भुकेने कोण कसे मरते हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते. तेथून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या आणि दौंडजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, अंधांसाठी शिक्षण, सारे तेथे चाले. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते. शारदा सदनातील तटस्थता आता उरली नव्हती. मात्र ते कोणत्याही पंथाचे नव्हते. निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या चर्चमधील कार्यकर्ते तेथे एका छताखाली राबत. पंथभेदाविषयी इंग्लंडमध्ये पडलेल्या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंनी केडगावच्या माळावर, दोन हजार ताटे वाढून दिले.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरास वाहिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या, जेमतेम वाचता येणाऱ्या बाईला कळेल अशी साधी भाषा त्यांना हवी होती. भागवत मुखोद्गत असलेल्या पंडितेने आपले सारे पांडित्य सोपे लिहिण्यात खर्च केले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आईचे कार्य पुढे चालविणारी ती एकुलती एक लेक. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये छापून निघाले. ते छापले केडगावच्याच छापखान्यात, जेथे खिळे जुळविण्याचे काम संस्थेतील मुली आणि स्त्रिया करीत असत.