नाईक यशवंत घाडगे

पराक्रमी पुरुषाचें चरित्र लिहितांना त्याच्या शौर्याचें वर्णन सर्वच करितात. परंतु त्याच्या मागें घरीं राहिलेल्या माणसांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. नाईक यशवंत घाडगे यांचें चरित्र आम्ही या दोन्ही बाजू ध्यानांत घेऊन वाचकांपुढें ठेवीत आहों.

यशवंतरावांचा जन्म तेव्हांच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत, माणगांव तालुक्यांतील पळसगांव येथें १९२१ सालीं झाला. पुढें ते पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींत दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धांत पंचवीस लाखांवर हिंदी लोक सैन्यांत होते. तितक्याच घरांच्या उंबरठ्यांवर कोणीतरी वाट पाहत होतें. यशवंतरावांची तरुण पत्नीहि त्यांतलीच एक. शिपाई आणि त्याचें घर यांमध्यें पत्र हाच काय तो दुवा. पण त्यावरहि लष्करी तपासनिसाची नजर असे, व आपण कोणत्या ठिकाणीं आहों हें शिपायास कळवितां येत नसे. घरीं कोणास अक्षरओळख नसली, तर पत्र वाचून घेण्यासाठीं दुसऱ्याच्या दारीं जावें लागे.

१० जुलै १९४४ रोजीं इटलींतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यानें यशवंतरावांच्या तुकडीतील सर्व शिपाई ठार वा घायाळ झाले. ते एकटेच पुढें धांवले. हातबाँब फेंकून त्यांनीं ती तोफ बंद पाडिली. बंदुकीच्या गोळ्या संपतांच तिच्याच दस्त्यानें उरलेल्या शत्रूंशीं झुंज दिली. इतक्यांत लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून त्यांचा अंत झाला. वय अवघें बावीस!

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. १९४५ सालीं दिल्लीस तें पदक व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून स्वीकारण्यास त्यांची विधवा पत्नी गेली. परत आलें तें पदक, पति नव्हे. यशवंतरावांची समाधिहि ज्ञात नाहीं. कासिनो येथील स्मारकावर त्यांचें नांव मात्र कोरलें आहे. माणगांवीं त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ सालीं इटलींतील मोंतोने या गांवीं त्यांच्या नांवें एक छायाघटिका उभारण्यांत आली. सर्व मानव एकाच सूर्याखालीं राहतात, असा तिजवरील वचनाचा आशय आहे.

हरसूलच्या डोंगरांतूनहि पोटासाठीं माणसें दूर जातात, व घरें वाट पाहतात. विद्यार्थिमित्रहो, रणांत उभें राहण्यास धैर्य लागतें. दारांत उभें राहून वाट पाहण्यासहि तें लागतें. वीराला वंदन करितांना त्या दुसऱ्या धैर्यासहि आपण विसरूं नये.