विश्लेषण : रामानुजन यांची शिष्यवृत्ती का गेली?

श्रीनिवास रामानुजन यांना १९०४ मध्ये कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली. वडील साडीच्या दुकानात कारकून, त्यामुळे शिक्षण तिच्यावरच अवलंबून. पण ती टिकवायची तर सगळेच विषय सांभाळायला हवे होते. रामानुजन गणितात इतके बुडाले की इंग्रजीत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये ते कुणालाही न सांगता विशाखापट्टणमला निघून गेले. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातही तेच झाले, एफ.ए.ची परीक्षा दोनदा हुकली. गणितात मात्र त्यांच्या जवळपास कुणी नव्हते.

१९१२ मध्ये त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपये पगारावर कारकुनी धरली. १९१३ च्या सुरुवातीला केंब्रिजच्या हार्डी यांचे कौतुकाचे पत्र आले, गिल्बर्ट वॉकर यांनीही शिफारस केली. मद्रास विद्यापीठाच्या संशोधन शिष्यवृत्तीला पदव्युत्तर पदवी लागे. रामानुजन यांच्याकडे साधी पदवीही नव्हती. तरीही विद्यापीठाने नियम बाजूला ठेवून महिना ७५ रुपये, दोन वर्षांसाठी मंजूर केले. इंग्रजीच्या गुणांची अट नव्हती. दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यायचा, एवढेच. पहिला अहवाल त्यांनी ऑगस्टमध्ये दिला.