हाफकिन यांचा हिशेब

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. ज्यांच्यावरून ते पडले, ते वाल्डेमार हाफकिन १८६० मध्ये ओडेसा येथे जन्मले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९३ मध्ये ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी काही महिन्यांतच लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. ती जीवघेणी नाही, एवढे त्यातून कळले. ती प्लेग रोखते का, हे ठरवायला तुलना हवी होती. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. स्वेच्छेने लस घेणाऱ्या कैद्यांची त्यांनी उरलेल्यांशी तुलना केली. लस घेणारे कमी आजारी पडले. पण पुढे येणारे मुळातच अधिक धडधाकट असतील तर?

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंडेरा गावात त्यांनी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्यांनाच लस दिली. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांत लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले, न घेतलेल्या ६४ पैकी २६. पुरावा भक्कम होता. त्याची किंमत लसीविना राहिलेल्यांनी मोजली.

१९०२ मध्ये पंजाबातील मलकवाल येथे लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हाफकिन यांना निलंबित करण्यात आले. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली होती. दगावलेल्या सगळ्यांना एकाच बाटलीतली. इतर बाटल्यांची लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही. तरीही दोषमुक्त व्हायला १९०७ उजाडले. १९२५ मध्ये मुंबईच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये ते वारले.

औषध कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवण्याची पद्धत नंतर रुळली. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी ती वापरली. आज नवे औषध रनाळ्याच्या दुकानात येण्याआधी संख्याशास्त्रज्ञ आणखी दोन गोष्टी ठरवतात: कमीत कमी किती रुग्णांवर चाचणी पुरेल आणि फरक स्पष्ट दिसताच ती कधी थांबवायची. उंडेऱ्यात मोजावी लागली तेवढी किंमत पुन्हा मोजावी लागू नये, यासाठीच हा हिशेब आहे.