दादोबांची व्याकरणाची चौकट

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म मुंबईचा, १८१४ सालचा. शाळेत ते इंग्रजी शिकले. १८३६ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. इंग्रजी व्याकरणातील शब्दांच्या आठ जाती त्यांनी मराठीला लावल्या. विभक्ती मात्र संस्कृतच्याच ठेवल्या. नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत आजची मुले पाठ करतात, ती हीच चौकट. मराठीवर परका अंगरखा चढवला, हा पुढच्या अभ्यासकांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हे. पण या चौकटीमुळेच इंग्रजीचे वाक्य मराठी मुलाला ओळखीचे वाटू लागले. उतारवयात, १८७८ मध्ये, त्यांनी स्वीडनबोर्गवर इंग्रजीतच ग्रंथ लिहिला. १८८२ साली ते निवर्तले. त्यांचे आत्मचरित्र १९४७ मध्ये प्रकाशात आणले, ते गोव्यातील प्रियोळचे अ. का. प्रियोळकर यांनी.