मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच अंगणात नेली : ताराबाई मोडक

भाईंदरहून वसईची खाडी ओलांडून गाडी उत्तरेला निघाली, की वसई, विरार, पालघर मागे टाकत ती डहाणूला पोचते. डहाणूजवळ कोसबाडची टेकडी आहे. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. त्याआधी मीरा-भाईंदर आणि कोसबाड एकाच ठाणे जिल्ह्यात होते.

आपण रोज वापरतो तो अंगणवाडी हा शब्द याच पट्ट्यात रुजला आणि तो रुजवला ताराबाई मोडक यांनी.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. मुली शाळेत जाणं हीच बातमी असायची, त्या काळात १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या. तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्यांना प्राचार्यपद मिळालं.

पगार होता, मान होता. तरीही १९२३ मध्ये त्यांनी हे सगळं सोडलं आणि भावनगर गाठलं. तिथे गिजुभाई बधेका नावाचे वकील वकिली सोडून दक्षिणामूर्ती बालमंदिर चालवत होते. छडी नाही, घोकंपट्टी नाही. गाणी, गोष्टी, खेळ आणि हाताने करायची कामं. मराठी ताराबाई आता गुजराती मुलांमध्ये काम करू लागल्या. महाराष्ट्रातल्या ताराबाई गुजरातेत ताराबेन झाल्या. एकाच नावापुढे दोन भाषांची दोन नाती लागली.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. काम नावाजलं गेलं. पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. माँटेसरी पद्धतीची साधनं महाग. शहरातल्या घरांना ती परवडतील, खेड्यातल्या मुलांचं काय?

मग १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात गेल्या. सोबतीला अनुताई वाघ होत्या. इथे बालवाडी तर सुरू झाली, पण गरीब वस्तीतली मुलं तिथवर येईनात. कुणाकडे धाकटं भावंडं सांभाळायचं काम, कुणाकडे गुरं राखायचं.

ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी पुढे कुरणशाळा भरली. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, गोटे आणि पानांनी घेतली.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी आलं. आता इथे खरी गोम आहे. वारली मुलाची घरातली बोली वेगळी आणि पुस्तकातली मराठी वेगळी. परक्या खोलीत, परक्या शब्दांत बसवलं, की पोर गप्प होतं. आपल्या आईला आपण मारतो ती हाकच चुकीची आहे, असं त्याला वाटायला लागतं. शाळा अंगणात भरली की आई दिसत असते, आजी ऐकत असते. घरचा शब्द हाकलला जात नाही, त्याच्या शेजारी नवा शब्द येऊन बसतो.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी.

आता परत मीरा-भाईंदरला येऊ. इथे एकाच वर्गात कुणाची आत्या असते, कुणाची फोई, कुणाची बुआ. कुणाची मावशी, कुणाची मासी. आगरी-कोळी घरातलं पोर वडिलांना बापूस म्हणतं. यातला एकही शब्द चूक नाही.

घरी करून बघण्यासारखी एक सोपी गोष्ट आहे. वारली चित्रातला माणूस दोन त्रिकोण आणि एका गोलात उभा राहतो. पाड्यावर गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो काढतात. आपल्याला कागद आणि खडू पुरतो. मुलाला घरातली सगळी माणसं काढू द्या आणि प्रत्येकाचं नाव आधी घरच्या बोलीत, मग शेजारच्या मित्राच्या भाषेत म्हणू द्या.

खर्च काहीच नाही. शंख-शिंपल्यांवर शाळा चालवणाऱ्या ताराबाईंचा हिशोबही असाच होता.