मार्शल यांचा वर्ग

मागणीची लवचीकता आणि उपभोक्त्याचे संतोषाधिक्य या संकल्पनांमुळे आल्फ्रेड मार्शल यांचे नाव आपल्याकडील अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. परंतु हा ग्रंथकार हाडाचा शिक्षक होता, याचे स्मरण सहसा राहत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची ऑनर्स पदवी आपल्या दाराशी आणली असताना ते स्मरण करणे अगत्याचे आहे.

मार्शल यांचा जन्म १८४२ साली लंडनमध्ये झाला. वडील बँक ऑफ इंग्लंडमध्ये रोखपाल होते. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी त्यांची इच्छा. मुलगा मात्र गणिताच्या ओढीने केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला आणि १८६५ साली दुसरा रँग्लर झाला. पुढे १८९९ साली याच कॉलेजातून आपले र. पु. परांजपे सीनियर रँग्लर झाले. गणितात असे यश मिळवलेला हा तरुण सुटीत शहरांतील दरिद्री वस्त्यांतून हिंडू लागला. माणसाचे दारिद्र्य अटळ आहे काय, या एका प्रश्नाने त्याला अर्थशास्त्राकडे ओढून नेले. दुकानात दिसलेले एका खंगलेल्या माणसाचे चित्र त्याने विकत घेऊन खोलीत लावले. आपली विद्या कोणासाठी आहे, याचा विसर पडू नये म्हणून.

१८७७ साली त्यांनी आपली विद्यार्थिनी मेरी पॅले हिच्याशी विवाह केला. फेलोने अविवाहित राहावे असा तेव्हा नियम असल्याने फेलोशिप सोडावी लागली. ब्रिस्टल येथे काही वर्षे काढल्यावर ऑक्सफर्डमध्ये त्यांनी हिंदुस्थानच्या सनदी सेवेत येणाऱ्या उमेदवारांना शिकवले. १८८५ साली ते प्राध्यापक म्हणून केंब्रिजला परतले.

त्या वेळी तेथे अर्थशास्त्राला स्वतंत्र घर नव्हते. नीतिशास्त्र आणि इतिहास यांच्या ऑनर्स परीक्षांत तो एक जोडविषय होता. मार्शल अठरा वर्षे झगडले आणि १९०३ साली अर्थशास्त्राची स्वतंत्र ट्रायपॉस मान्य झाली. तरुण व्याख्यात्याचे मानधन त्यांनी पदरचे दिले. त्यांच्या व्याख्यानांची टिपणे घेणे अवघड असे, कारण त्यांना टिपणे नव्हे, विचार द्यावयाचा होता. विद्यार्थी घरी येत, चहा घेत आणि पुस्तके घेऊन परतत. त्यांचे निबंध तांबड्या शाईने भरून जात. पिगू आणि केन्स या पठडीतून पुढे आले.

या तेजस्वी चरित्राला एक डागही आहे. मेरी पॅले यांनी १८७४ सालीच ऑनर्सची परीक्षा दिली होती. १८७९ चे अर्थशास्त्रावरील पुस्तक दोघांनी मिळून लिहिले. तरीही स्त्रियांना पदवी देण्याचा प्रश्न १८९६–९७ मध्ये उभा राहिला, तेव्हा मार्शल विरोधकांत होते. केंब्रिजने स्त्रियांना पदवी दिली ती १९४८ साली. मेरीबाई १९४४ सालीच निवर्तल्या होत्या. १९२४ साली पतीचे निधन झाल्यावर त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात ही विदुषी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे पुस्तके काढून देत राहिली.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? ऑनर्स म्हणजे चार पेपर अधिक नव्हेत. जेथे शिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखतो, त्याचे लिखाण वाचतो आणि त्याच्याशी वाद घालतो, तेथेच ते नाव सार्थ ठरते. शंभर विद्यार्थ्यांचा वर्ग, रिक्त जागा आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक यांच्या बळावर चौथे वर्ष जोडले, तर वाढेल ती केवळ गुणपत्रिका. आणि निवडकांसाठी दार उघडताना ते कोणासाठी बंद राहते, हेही पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट मार्शल यांच्याकडून शिकावी. दुसरी, त्यांच्या चुकीवरून.